शेवंतीची पारख

शेवंती आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते फणस फोडायचं. शनिवारची सकाळ होती. परसात गोणपाट पसरलेलं, दोघांच्या हाताला खोबरेल. मी फणस चिरून देत होतो, ती गरे सोडवत होती आणि सोडवता सोडवता अर्धे खात होती. म्हटलं, "अगो, घरात काय नेणार?" म्हणाली, "आठळ्या." मग तेलकट बोट माझ्या गळ्याकडे रोखून म्हणाली, "उद्या हमीदभाईकडे इस्त्रीचा सदरा घाला. गेल्या रविवारी तुमची कॉलर एका बाजूने उभी होती. मस्कतपर्यंत दिसतं ते."

"मस्कतला दुसरं काय बघायला नाय?" मी म्हटलं.

"नाय. वाळवंट हाय तिकडे," ती म्हणाली.

जेवलो. तिने भांडी पालथी घातली, जरा पडते म्हणाली. तीन वाजता चहाला हाक मारली तर उठली नाही. एवढंच झालं. त्यात लांबण लावण्यासारखं काही नाही, आणि मला सांगवतही नाही.

त्यापेक्षा ती कशी होती ते सांगतो. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तिने मात्र तुम्हाला पाहिलं असतं तर पाच मिनिटांत ओळखलं असतं. तिची एक खोड होती. कुठलंही दुकान, कुठलाही माणूस पारखायचा तर ती आत जात नसे. समोर एखादी पायरी, कठडा नाहीतर दगड बघून बसायची, आणि आतून बाहेर येणाऱ्यांची तोंडं बघायची. रत्नागिरीत नवीन डॉक्टर आला की ही दवाखान्यासमोर पेरूवालीशेजारी बसलेली. "आत जाताना सगळेच कण्हतात ओ," म्हणायची. "बाहेर आल्यावर जो बाटली उजेडात धरून हलवतो ना, त्याचा डॉक्टरवर विश्वास नाय." गिरणीचंही तसंच. पीठ घेऊन निघालेली बाई रस्त्यातच डब्यात बोट घालून बघत असेल, तर ती गिरणी हिने सोडून दिली.

एकदा मी म्हटलं, माझ्याशी लग्न केलंस तेव्हा कुठल्या पायरीवर बसली होतीस? तर खरंच बसली होती. पावसला आमच्या घराच्या दगडी गडग्यावर, मावशीबरोबर. मी घरात नव्हतोच. "तुमच्या गोठ्यातनं म्हैस बाहेर आली," ती म्हणाली. "मजेत होती. अंगावर वळ नाय, डोळ्यांत भीती नाय. म्हटलं, म्हशीला बरा वागवतो तर मलापण वागवील." चाळीस वर्षं मी लोकांना सांगत होतो की हिने माझं सुतारकाम बघून होकार दिला.

आम्हाला एकच मुलगी, नंदा. तिने आपल्या मनाने लग्न केलं. मुलगा मंडणगडकडचा, आमच्या जातीतला नव्हे, मस्कतला क्रेन चालवणारा. घरी एकदा आला होता. मी त्याला बस म्हटलं नाही. नंदाला म्हटलं, "हे केलंस तर या दारात यायचं नाय, आणि त्याचं नाव माझ्या कानावर घालायचं नाय." तिने केलं. शेवंती कचेरीत जाऊन त्यांच्या लग्नाला साक्षीला उभी राहिली. मी घरी आंब्याची खोकी ठोकत बसलो. तेव्हा श्रावण चालू होता. श्रावणात खोकी कुणाला लागतात? पण ठोकली. संध्याकाळपर्यंत अंगणात ढीग झाला. शेवंती आली, ढीग बघितला आणि म्हणाली, "बरं झालं. राग ठेवायला जागा केलीत."

मग नंदाचा फोन शेजारी भिकूकडे यायला लागला. शेवंती बोलायची आणि शेवटी रिसिव्हर माझ्या कानाला लावायची. मी ऐकायचा आणि परत तिच्या हातात द्यायचा. फोनवर गप्प बसणं फार सोपं असतं. पलीकडच्याला वाटतं लाईन गेली. अशी चार वर्षं लाईन गेली. घरी मी त्याला 'तो' म्हणत असे. 'तो कसा आहे' असंसुद्धा नाही, नुसतं 'तो'. शेवंतीने एकदाच मला तोंडावर सांगितलं, "मला जास्ती काय नको. तुम्ही नंदाशी बोललेलं ऐकायचंय, आणि जावयाला नावाने हाक मारलेली ऐकायचीय."

मी म्हटलं, "मग ऐकत बस."

माझं तोंड असंच आहे.

पुढे नंदाला दिवस गेले. सातवा लागणार होता. विमानात बसू नको असं तिकडच्या डॉक्टरीणबाईने सांगितलेलं. शेवंती म्हणाली, डोहाळजेवण करणार. मी म्हटलं, "कोणाचं? ती तिकडे, तू इकडे. तूच हिरवं नेसून पाटावर बसणार काय?"

"ती येणार. पडद्यावर," शेवंती म्हणाली.

ही दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. आमच्या वाडीत तेव्हा कॉम्प्युटर बघितलेलं माणूस शोधावं लागे. पण बंदराकडच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस आखातात, त्यामुळे रत्नागिरीत अशी दुकानं निघाली होती जिथे तोंड दिसतं आणि बोलताही येतं. हे तिला कोळणींकडून कळलेलं. आता डोहाळजेवण कुठे करायचं ते ठरवायचं होतं. तीन ठिकाणं होती. एस.टी. स्टँडजवळचं टेलिफोनचं बूथ, तिथे मोठ्याने ऐकू येणारा फोन होता. दुसरा एक कॉम्प्युटरचा क्लास. तिथे भिंतीएवढा पडदा आणि थंडगार खोली, आणि चालवणारे सर टाय लावणारे. आणि तिसरं हमीदभाईचं नेट कॅफे, मासळीबाजारामागच्या गल्लीत. तिथे पडदे लावलेल्या खोपट्यांसारख्या चार खोल्या.

मी म्हटलं, क्लासमध्ये कर. पडदा मोठा, खोली मोठी, बायका मावतील. झालं, एका वाक्यात संपणारी गोष्ट. शेवंती म्हणाली, "बघून सांगते." आणि तीन दिवस सकाळी डबा घेऊन गेली. प्रत्येक ठिकाणी समोर बसली. मला घरी येऊन निकाल सांगितला.

"बूथमधनं माणूस बाहेर आला तरी ओरडूनच बोलतो. बायकोशी, रिक्षावाल्याशी. म्हणजे आत काय ऐकू येत नाय."

"आणि क्लास?"

"तिथनं बाहेर पडणारा आधी मागे वळून बघतो, मग चपला घालतो. आत धाक हाय. धाकात कोण हसणार आणि कोण रडणार? माझ्या बायका तिथे तोंडाला पदर लावून बसतील."

"मग त्या गल्लीत काय सोनं पिकतं?"

"हमीदभाईकडनं चौघी बाहेर आल्या. दोघींचे डोळे लाल, दोघी खिदळतायत. एक बुरख्यावाली पार कोपऱ्यापर्यंत गेली आणि मग तिला आठवलं की आपलं पोर आतच राहिलंय. अशी जागा पायजे. जिथे माणूस पोर विसरतो."

चौथ्या दिवशी ती आत गेली, मला घेऊन. हमीदभाई म्हणजे कुवेतला वीस वर्षं काढून परत आलेला माणूस, पोट सुटलेला, बोलायला गोड. म्हणाला, "या मावशी. तीन दिवस समोर बसलायत, मी म्हटलं पोलिसातल्या की काय."

शेवंतीने विचारलं, "लाईट गेली तर?" तेव्हा भारनियमन जोरात होतं, दुपारची लाईट म्हणजे पाहुणी.

"बॅटरी आहे मावशी. बेफिकीर राहा."

"कुठे बटण?" म्हणाली आणि त्याने बोट दाखवायच्या आत मेनस्विच खाली ओढला. पडद्यांमागून आरडाओरडा झाला. एका बाईचा नवरा दुबईत अर्ध्या वाक्यावर गेला. हमीदभाई "अल्ला, अल्ला" करत धावला. चारातला एकच कॉम्प्युटर चालू राहिला होता. शेवंती त्याच्यासमोर जाऊन बसली. "तीन मेले, हा एक जगला. मला हाच पायजे." मग बाहेर आलेल्या बायांना म्हणाली, "रागावू नका गो, लेकीचं डोहाळजेवण हाय." त्यांचा राग कुठच्या कुठे गेला. दोघींनी तिथेच विचारलं, मावशी, आम्ही येऊ काय?

मी दारात उभा राहून हे सगळं बघत होतो. मला वाटलं, काम झालं. तर ती हमीदभाईला घेऊन पडद्यामागे गेली आणि बराच वेळ दोघं कुजबुजत होती. तो "जी मावशी, जी मावशी" म्हणत होता. मी विचारलं तर म्हणाली, "खुर्च्यांचं ठरवत होतो."

डोहाळजेवणाचा दिवस रविवारचा होता. वाडीतल्या अकरा बायका, मोहल्ल्यातल्या त्या दोघी, आणि एवढ्यांना ती चार हातांची खोली. पडदा काढून टाकला तेव्हा कशाबशा मावल्या. मी बाहेरच थांबणार होतो. पान खाऊन वेळ काढायचा असं ठरवलेलं. तेवढ्यात हमीदभाई घाईघाईने आला. "काका, मेहरबानी करा. ही तार ढिली झालीय. जरा उंच धरून उभे राहा. खाली आली की चित्र गेलंच म्हणून समजा."

मी सुतार माणूस. फळी धर म्हटलं की धरायची, हे हाताला लहानपणापासून लागलेलं. म्हटलं, आण. त्याने मला कोपऱ्यात एका खुणेवर उभं केलं, काळी तार हातात दिली, हात डोक्याच्या वर करायला लावला. आणि समोर नंदा आली.

चार वर्षांनी बघत होतो. चित्र तुकड्या-तुकड्याने हलायचं, ओठ आधी आणि आवाज मागून. पण नंदाच होती. हिरवी साडी, गाल भरलेले. तिने बायकांकडे बघितलं, हसली, आणि मग तिची नजर माझ्यावर आली आणि तिथेच राहिली. मला हलता येईना. तार सोडली तर चित्र जाणार, लेक जाणार, आणि सगळ्या बायका माझ्यावर तुटून पडणार. मी नुसता तार धरून बघत राहिलो.

बाकी कार्यक्रमात काय गोंधळ झाला तो विचारू नका. भिकूच्या बायकोने कुंकू लावायला बोट काचेवर टेकवलं आणि नेमकी नंदा शिंकायला खाली वाकली. कुंकू लागलं मागच्या कपाटाला. ते पुसायला दुसरीने ओला पदर लावला तर मस्कतच लाल झालं. ओटी भरायची म्हणून पहिल्या बाईने तांदूळ घातले ते सरळ टाईप करायच्या बटणांत. हमीदभाईने ते यंत्र उचललं, पालथं केलं आणि तान्ह्या बाळाची ढेकर काढतात तसं थोपटत बसला. मोहल्ल्यातल्या दोघींतली एक म्हणाली, "भाई, भात झाला की आम्हाला पण वाढा."

मग बर्फी की पेढा. इकडे दोन वाट्या झाकून ठेवल्या, बर्फी निघाली तर मुलगी, पेढा निघाला तर मुलगा. नंदाने तिकडून हात दाखवला, "ही." ही म्हणजे कुठली? बायका म्हणाल्या डावी. भिकूची बायको म्हणाली, तिची डावी ती आपली उजवी. कोणी म्हणालं, कॅमेऱ्यात उलटं दिसतं. वाद एवढा वाढला की शेवटी शेवंतीने दोन्ही वाट्या उघडल्या आणि बर्फी आणि पेढा दोन्ही आपणच खाल्ले. "आता काय होईल ते होऊ दे," म्हणाली.

त्या सगळ्या गलक्यात एक गोष्ट मी बघितली. नंदाच्या शेजारी चित्राच्या काठावर एक खांदा होता. निळ्या सदऱ्याचा. पूर्ण वेळ तो खांदाच होता, पुढे सरकत नव्हता. मी इकडे होतो म्हणून.

शेवटी नंदा हळूच म्हणाली, "बाबा, हात भरून आला असेल. खाली करा."

मी तिला काही बोललो नाही. बायकांना म्हटलं, "हलू नका, धक्का लागेल."

तेव्हा शेवंती पुढे वाकली आणि पडद्याला म्हणाली, "हे म्हणतात, जपून राहा."

मी असं काहीच म्हटलं नव्हतं. पण तेरा बायकांसमोर नाही कसं म्हणणार?

आठवडाभराने मी हमीदभाईच्या दुकानात एक फळी ठोकून द्यायला गेलो तेव्हा त्याने हसत हसत सांगितलं. ती तार बंद पडलेल्या टेबलफॅनची होती. शेवंतीने आधीच येऊन कॅमेऱ्याला कुठपर्यंत दिसतं ते बघून खडूने जमिनीवर खूण केली होती. "मावशींनी मला सांगितलं, काकांचा हात रिकामा असेल तर पळतील. काही तरी धरायला द्या." मी घरी जाऊन तिच्यावर ओरडलो. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग सोडायची होतीत."

त्यानंतर दर रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही हमीदभाईकडे. नंदाला मुलगी झाली, रेवा. तीही दिसायला लागली. मी शेवंतीच्या बाजूच्या खुर्चीवर बसायचा, कॅमेऱ्यात अर्धा. बोलायचं काम तिचं, दोघांच्या वाट्याचं. "हे म्हणतात, बाळाला टोपरं घाल." "हे म्हणतात, तुझा आवाज बसलाय, मिठाच्या गुळण्या कर." एकदा तर, "हे म्हणतात, जावयांना उन्हाचं काम असतं, ताक देत जा." मी तिला कोपराने ढोसलं. तिने मला परत ढोसलं. खांदा मात्र तिथेच होता, चित्राच्या काठावर, कधी निळा, कधी पांढरा. वर्ष झालं, वर काही दिवस झाले. त्या खांद्यावरचं तोंड मी बघितलं नाही, आणि शेवंतीने परत मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. ती नुसती मला दर रविवारी तिथे नेऊन बसवत होती.

त्या शनिवारी भिकूनेच मस्कतला फोन करून सांगितलं. त्यांना विमान मंगळवारशिवाय मिळेना. वाडीची माणसं जमली, दिवेलागणीच्या आत सगळं आटपून आम्ही घरी आलो. बायकांनी कोपऱ्यात दिवा लावला. मी पडवीत बसून राहिलो.

सकाळी आंघोळ केली. इस्त्रीचा सदरा नव्हता, तिच्याकडून करायचा राहिला होता. होता तो घातला आणि चपला पायात सरकवल्या. भिकू म्हणाला, "बाबल्या, कुठे निघालास? सुतकात असा बाहेर जाऊ नको."

"आज रविवार आहे," मी म्हटलं.

हमीदभाईला कळलं होतं. दुकान बंद ठेवलेलं, पण तो दारात उभा होता. माझ्या दंडाला धरून आत नेलं, कॉम्प्युटर लावून दिला, आणि पडदा ओढून बाहेर गेला. मी माझ्याच खुर्चीवर बसलो, बाजूच्या. मग उठून मधल्या खुर्चीवर बसलो.

नंदा आली. मांडीवर रेवा. डोळे सुजून बारीक झालेले. ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. कोणी बोलेना. बोलणारी गेलेली.

"नंदा," मी म्हटलं. "मी बोलतोय."

तिने पदराने तोंड दाबलं. मी थांबलो नाही, थांबलो असतो तर परत चार वर्षं गेली असती. तिला सगळं सांगितलं, शनिवारी काय झालं ते, सकाळपासून. त्रास झाला का, विचारलं तिने. म्हटलं, नाही, पोट भरलेलं होतं आणि मला हसत होती. मग म्हटलं, "तुझ्या लग्नाच्या वेळी माझं चुकलं. आई सांगत होती, मी ऐकलं नाय."

"बाबा," ती रडत रडत म्हणाली, "ती तुमच्या नावावर बोलायची ते मला माहीत होतं."

"कधीपासनं?"

"पहिल्या दिवसापासून. जन्मात कधी कोणाला जपून राहा म्हणालायत तुम्ही?"

मला हसू आलं. सुतकात आलं, काय करू. तीही हसली, आणि परत रडली. चित्राच्या काठावर पांढरा खांदा हलला. त्याने हात पुढे करून नंदाच्या पाठीवर ठेवला आणि लगेच मागे घेतला.

"त्याला सांग, समोर बस म्हणावं," मी म्हटलं.

"कोणाला?" नंदा म्हणाली. डोळे पुसत होती, पण विचारलंन बरोबर. आईचीच लेक.

"प्रकाशला."

चित्रात काहीतरी हललं, खुर्ची सरकल्याचा आवाज मागून आला. आधी हात आला, मग तो माणूस. नंदाच्या बाजूला घाबरून बसला, हात मांडीवर, शाळेतल्यासारखा. पाच वर्षांपूर्वी माझ्या अंगणात उभा राहिलेला पोरगा, तो कुठे गेला कोण जाणे. उन्हाने रापलेला, थकलेला.

"केस पांढरे झाले की रे तुझे," मी म्हटलं. "सगळे गळायच्या आत घरी ये."